एक बेकार कमी

(वस्तीतल्या वाचनालयात तरुण कवी-कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मला निरोप आला तो असा, की ‘आपल्या कवितेतलं दुःख’ ह्या विषयावर बोल. मी म्हणालो, बोलतो. पण मी आज एका सिनेमावर बोलणार आहे. शेवटी कवितेवरच येईन, मला यावंच लागणार आहे. कारण ह्या सिनेमामुळं माझी एक कविता मी मागं घेतली. तुमच्यापैकी काही जणांनी ती ऐकलीय, ऐकताना डोळे पुसलेत. त्यांना जबाब देणं लागतो.

सिनेमा जर्मन आहे, १९३२ सालचा. नाव ‘कूले वाम्पे’. बर्लिनच्या बोलीत वाम्पे म्हणजे पोट आणि कूले म्हणजे गार. गार पोट. चूल पेटली नाही की जे होतं ते. आपल्याला हे नाव फोड करून सांगायची गरज नाही. त्याला जोडून दुसरं नाव आहे आणि तो सरळ सवालच आहे: जग कुणाच्या मालकीचं?

मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत ठेकेदाराच्या हजेरीवर राबतो. जर्मन मला येत नाही. पडद्याच्या खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती वाचत, थांबवत, मागं नेत, पाळीवरून आल्यावर मोबाइलवर दोन रात्री बघितला. सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा, मला पाच तास लागले. तेव्हा कुणी जाणकार इथं बसला असेल तर त्यानं माझ्या चुका काढाव्यात, पण मुद्द्याला बगल देऊ नये.

आधी काळ समजून घ्या. बोलपट तेव्हा नुकता बोलायला लागला होता. आपल्याकडं ‘आलम आरा’ १९३१ ला आला आणि पहिला मराठी बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, ह्याच १९३२ सालचा. म्हणजे मराठी सिनेमानं तोंड उघडलं ते राजा हरिश्चंद्राची गोष्ट सांगायला. गोष्ट तुम्हाला पाठ आहे. राज्य गेलं, राणी विकली, आणि राजावर मसणवटीत डोंबाघरी राबायची वेळ आली. अख्खा महाराष्ट्र रडला. राजा काही दिवस डोंबाघरी राबला म्हणून रडला. डोंब मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच मसणवटीत राबत होता, त्याच्यासाठी कुणाच्या डोळ्यात टिपूस नव्हतं. राजाचं दुःख म्हणजे गोष्ट, आणि डोंबाचं दुःख म्हणजे मागचा पडदा. हे ध्यानात ठेवा, ह्याच्यावर मी परत येणार आहे.

आता जर्मनी. १९३२ सुरू झालं तेव्हा त्या देशात साठ लाखांवर माणसं बेकार होती. सरकारला लोकसभेत बहुमत नव्हतं. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग सही करायचा, वटहुकूम निघायचा आणि बेकारभत्ता कापला जायचा. तरुण पोरांचा भत्ता तर आधी कापला, कारण काय तर ती आईबापाच्या घरी राहतात. आईबापाच्या घरी खायला आहे की नाही हे बघायची जबाबदारी वटहुकुमावर नव्हती.

अशा वेळी चार माणसं एकत्र आली. दिग्दर्शक स्लाटान डुडो, बल्गेरियातून आलेला पोरगा, तिशीच्या आतबाहेरचा. लिहायला बर्टोल्ट ब्रेख्त आणि एर्न्स्ट ओटवाल्ट. संगीत हान्स आइसलरचं. ब्रेख्त आपल्या मराठी नाटकवाल्यांना ठाऊक आहे. खानोलकरांनी त्याचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं, पुलंनी ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, टाळ्या पडल्या. पण ह्या सिनेमाचं नाव तिकडं फारसं निघत नाही. नाटकातला ब्रेख्त पचतो, हा जरा घशात अडकतो.

पैसा नव्हता. कंपनी होती प्रोमेथेउस नावाची, कामगारांच्या बाजूचे सिनेमे काढणारी. बोलपट काढायचा म्हणजे मूकपटापेक्षा खर्च कितीतरी जास्त. आवाजाची यंत्रं आली, त्यांचं भाडं आलं. काम चालू असतानाच कंपनीचं दिवाळं वाजलं. उरलेला सिनेमा प्रेसेन्स नावाच्या स्विस कंपनीनं पुरा केला. ब्रेख्तला आधी एका सिनेमा कंपनीनं शिकवलेलं होतं. त्याच्या नाटकावर सिनेमा काढला आणि त्याचं ऐकलं नाही, तो कोर्टात गेला आणि हरला. म्हणून ह्या वेळी ह्या मंडळींनी करारातच लिहून घेतलं, की सिनेमाचे कर्ते आम्ही. बदल्यात नेहमीच्या मोबदल्यावर पाणी सोडलं. पैसा गेला, पण मोकळीक मिळाली. हा सौदा लिहिणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी करून बघावा.

आणि गंमत बघा, पैशाचा तुटवडा सिनेमात कुठं दिसतो? सुरुवातीलाच दिसतो आणि तोच सिनेमातला सगळ्यात भारी भाग आहे. वर्तमानपत्रांचे मथळे येतात, बेकारांचा आकडा दर मथळ्याला फुगत जातो. मग बर्लिनचे रस्ते. सायकली घेतलेली पोरं घोळका करून उभी. नोकरीच्या जाहिरातींचा कागद येतो, त्यावर सगळी तुटून पडतात. वाचलं की टांग मारून निघाली. एक कारखाना, फाटक बंद. दुसरा, हात हलवून ‘नाही’. तिसरा. चौथा. चाकं फिरतायत, फिरतायत. कुणी बोलत नाही. बोलपटाचा जमाना, आणि इथं शब्द नाही. फक्त आइसलरचं संगीत. तेही रडकं नाही हं. आपल्याकडं गरिबी दाखवायची म्हणजे लगेच सारंगी आणि बासरी. इथं संगीत कडक आहे, दातओठ खाल्ल्यासारखं. पडद्यावर माणूस हरतोय आणि वाद्यं भांडतायत. आइसलरला तेच पाहिजे होतं, की बघणाऱ्यानं हळहळून बसू नये.

त्या पोरांत एक बोनिके घरचा पोरगा. दिवसभर फिरून दुपारी घरी येतो. बाप बेकार. बहीण आनी तेवढी कामाला. जेवायला बसतात. भिंतीवर भरतकामाचं एक सुवचन टांगलंय, कष्टाची गोडी सांगणारं. आपल्या घराघरांत टांगलेलं असतं ना, ‘प्रयत्नांती परमेश्वर’, तसं. बाप पोराला बोलतो, आई बोलते. अंगात धमक असली की काम मिळतंच, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे देशात साठ लाख माणसं बिनधमकीची निघाली एकदम! पोरगा गप्प जेवतो. सगळे उठून जातात. मग तो खिडकीशी जातो. मनगटावरचं घड्याळ सोडतो, जपून बाजूला ठेवतो. आणि उडी मारतो.

घड्याळ काढून ठेवतो. दोस्तांनो, मी इथं सिनेमा थांबवला त्या रात्री. पुढं बघवेना. कारण ते घड्याळ मोडता कामा नये, ते घरच्यांना विकता येईल. जीव घरात बिनकामाचा, घड्याळ कामाचं. हा हिशेब त्या पोरानं स्वतः केला, आणि सिनेमानं तो एकही शब्द न बोलता दाखवला. आरडाओरडा नाही, चिठ्ठी नाही, कपाळ बडवणं नाही. खाली चौकात माणसं जमतात. एक बाई म्हणते, एक बेकार कमी झाला. पहिल्या भागाचं नावच ते आहे.

आता सेन्सॉर. मार्च १९३२ मध्ये सिनेमा सेन्सॉरपुढं गेला आणि बंदी आली. कारणं तीन दिली. राष्ट्राध्यक्षाचा अपमान, कारण पोराच्या मरणाचा संबंध वटहुकुमाशी जोडलाय. न्यायसंस्थेचा अपमान, कारण घर खाली करायचे हुकूम न्यायाधीश घाईघाईनं वाचून उरकताना दाखवलाय. आणि धर्माचा अपमान, कारण तरुण पोरंपोरी उघड्यानं पोहतायत आणि मागं चर्चच्या घंटा वाजतायत. माणूस मेला त्याचं काही नाही, घंटा विटाळली.

पण ब्रेख्तनं लिहून ठेवलेली ह्याच्याही पुढची हकीकत आहे. ही मंडळी सेन्सॉरच्या माणसाशी वाद घालायला गेली. तो माणूस काय म्हणाला? त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखादा दुर्दैवी पोरगा जीव देतो असं तुम्ही दाखवा, आमची काही हरकत नाही. त्याचा स्वभाव दाखवा, त्याचं मन दाखवा, आम्हालाही वाईट वाटेल. पण तुम्ही तसं केलंच नाही. तुम्ही हाडामांसाचा एक माणूस उभाच केला नाही. काकडी कशी सोलायची ते दाखवावं तसं तुम्ही त्याचं मरण दाखवलंत. म्हणजे हे एका माणसाचं नशीब नाही, एका अख्ख्या वर्गाचं नशीब आहे असं तुम्हाला म्हणायचंय. ह्याला आमची हरकत.

आणि ब्रेख्त म्हणतो, बाहेर पडताना आम्हाला त्या हुशार माणसाचं कौतुकच वाटलं. आमच्या दोस्त टीकाकारांपेक्षा तो आमच्या सिनेमाच्या आत जास्त खोल गेला होता. त्याला बरोबर कळलं होतं.

हे वाचलं आणि मला घाम फुटला. का ते सांगतो.

आमच्या टोळीत एक जण होता. नाव घेत नाही. ठेका बदलला. नव्या ठेकेदारानं जुनी माणसं उभी केली नाहीत. हा रोज सकाळी जायचा, फाटकाशी उभा राहायचा, उन्हं वर आली की परत. पावसाळा आला. एका दिवशी कळलं, गेला. त्यानं स्वतःच संपवलं. कागदावर नोंद झाली: घरगुती कारण. मयताला आम्ही सगळे. सगळे काय बोललो? पोरगं हळवं होतं. बायकोशी पटत नव्हतं म्हणे. मनाला लावून घ्यायचा. मी रात्री घरी येऊन कविता लिहिली. त्याचे डोळे, त्याच्या हाताचे घट्टे, त्याची आई दाराशी बसलेली. चांगली झाली होती. एका कार्यक्रमात म्हणालो, बाया रडल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. एका मोठ्या सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, ‘किती हृदयस्पर्शी!’

आता मी ती कविता त्या सेन्सॉरवाल्यापुढं ठेवून बघितली. त्यानं ती हसत पास केली असती. एक शब्द कापला नसता. कारण माझ्या कवितेत ठेका नव्हता, फाटक नव्हतं, ठेकेदार नव्हता. एक दुर्दैवी पोरगा होता, त्याचं हळवं मन होतं. पोलिसाच्या कागदावर जे होतं तेच मी यमक जुळवून लिहिलं होतं: घरगुती कारण.

राजा हरिश्चंद्राची गोष्ट मी माझ्याच दोस्तावर रचली होती. एकट्याचं नशीब, आणि ऐकणाऱ्यांनी रडून हलकं व्हायचं. म्हणून मागं घेतली.

आता सिनेमा पुढं नेतो, कारण तो मरणावर थांबत नाही. हीच त्याची दुसरी मोठी गोष्ट. भाडं थकलं म्हणून बोनिके कुटुंबाला घराबाहेर काढतात. आनी दारोदार फिरते, ह्या कचेरीतून त्या कचेरीत, कुणी दाद देत नाही. मग तिचा मित्र फ्रिट्झ त्यांना घेऊन जातो कूले वाम्पेला. बर्लिनच्या बाहेर म्युगेल्झे तलावाकाठी तंबूंची वसाहत. ही खरीखुरी होती, १९१३ पासूनची. आधी सुट्टीत मौजेला यायचे, मंदीत माणसं राहायलाच आली. आपल्याला वाटेल, झोपडपट्टी म्हणजे आता बंडच. तर नाही. तंबू टापटीप, लष्करी बँडची गाणी वाजतायत, अंगणं आखलेली. घर गेलं तरी घरमालकाची अक्कल बरोबर घेऊन आलेली माणसं. हे दाखवायला धाडस लागतं. आपण आपल्या माणसांबद्दल लिहिताना त्यांना नुसतं गरीब आणि थोर करून टाकतो. हा सिनेमा आपल्या माणसांवर हसतो, आणि तरी त्यांचाच राहतो.

त्यातला एक प्रसंग तर डोक्यातून जात नाही. बाप वर्तमानपत्र वाचून दाखवतोय. बातमी कसली, तर माता हारीची. ती नाचणारी, हेर म्हणून मारलेली, तिच्या अंगाची रसभरीत वर्णनं. बाप अडखळत, मिटक्या मारत वाचतोय. आई समोर बसून घरखर्चाचा हिशेब लिहितेय. आणि पडद्यावर काय येतं? खाण्याच्या वस्तू आणि त्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या. कानात माता हारी, डोळ्यात भाव. बस. एवढ्यात सगळं पेपरचं राजकारण आलं. ह्याला पैसा किती लागला असेल? दुकानातल्या चार वस्तू आणि चार चिठ्ठ्या. स्टुडिओ नाही, महाल नाही. डोकं लागलं फक्त. आमच्यातले काही जण म्हणतात ना, आपल्याला साधनं नाहीत म्हणून आपलं साहित्य कच्चं राहतं, त्यांनी हा प्रसंग बघावा.

आनीला दिवस जातात. तिच्या डोळ्यांपुढून चित्रं सरकतात: पोरं, बाळाच्या खाण्याच्या जाहिराती, आणि मेलेला भाऊ. फ्रिट्झ नाइलाजानं साखरपुडा करतो. साखरपुड्याला नातेवाईक येतात आणि नुसते खातात, पितात, झिंगतात. फ्रिट्झच्या बोलण्यातून कळतं, ह्याला हे लोढणं वाटतंय. आनी काय करते? पदर तोंडाला लावून रडत बसते? आपल्या सिनेमात बसली असती. ही उठते, साखरपुडा मोडते, बॅग उचलून शहरात मैत्रिणीकडं राहायला जाते. तिची मैत्रीण गेर्डा. हेर्टा थीलेनं आनी केलीय. पोट पाडण्याबद्दलचे उल्लेख सेन्सॉरनं कापले, कारण जर्मन कायद्यात तो गुन्हा होता. पण कापलेली जागा सुद्धा बोलते.

तिसरा भाग कामगारांच्या खेळांच्या जत्रेचा. पोहणं, होड्या, मोटारसायकली. ह्या माणसांनी नट म्हणून पैसे घेतलेले नाहीत. कामगारांच्या क्रीडासंघांतली हजारो पोरंपोरी खरोखर आली आणि सिनेमात उतरली. एवढा जमाव कुठल्या निर्मात्याला परवडला असता? चळवळ होती म्हणून फुकट मिळाला. तिथंच ‘लाल भोंगा’ म्हणता येईल अशा नावाचं एक पथक पथनाट्य करतं: भाडेकरूला घराबाहेर काढायला आलेत आणि शेजारीपाजारी मिळून त्यांना परतवतात. पहिल्या भागात जे एकट्या घरावर आलं, तेच इथं चाळ मिळून अडवते. हा जोड ध्यानात घ्या. सिनेमानं त्या पोराच्या मरणाचं उत्तर दिलं ते हे. अश्रू नाही दिले, शेजार दिला.

शेवट लोकलगाडीत. माणसं जत्रेहून परत चाललीत, डबा भरलेला. कुणीतरी पेपरातली बातमी वाचतं, ब्राझीलमध्ये कॉफी जाळली. झालं, डब्यात वादावादी. आपल्या डब्यात होते तशीच. एक कॉलरवाला देशाची ताकद, वसाहती असलं काहीतरी बोलतोय, एकाला काही कळत नाही पण बोलायचंय, आणि कामगार पोरं एकेक मुद्दा पकडून धरतायत. जाळायची कशाला? भाव टिकावा म्हणून. मग स्वस्त का नाही विकत?

हे खरंच झालं होतं. १९३१ ते १९४४ ह्या काळात ब्राझीलनं सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी नष्ट केली. एक पोतं ६० किलोचं. पेपरवाल्याला हा आकडा असेल, मला ती पोती आहेत. माझ्या आज्यानं गोदीत पाठीवर पोती वाहिली. ६० किलो म्हणजे काय ते आमच्या घरात मणक्याला माहीत आहे. कुणीतरी ती लावली, तोडली, वाळवली, भरली, शिवली, उचलली. आणि मग जाळली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये माणूस कॉफीविना, आणि कॉफी पिकवणारा भाकरीविना. हे एका पोराला धमक नव्हती म्हणून झालं काय?

वाद शेवटी एका प्रश्नावर येतो, की हे जग बदलणार कोण. गेर्डा उत्तर देते. ज्यांना ते आवडत नाही ते, एवढाच त्याचा अर्थ. मग माणसं उतरतात, बोगद्यातून चालत जातात, गाणं वाजत राहतं. आणि सिनेमा संपतो.

आता माझं भांडण. आरती ओवाळायला मी आलेलो नाही.

सिनेमा १९३२ चा, आणि त्यात हिटलरचे लोक कुठंच नाहीत. बर्लिनच्या रस्त्यावर तेव्हा ते मारामाऱ्या करत होते, पण पडद्यावर एक गणवेश नाही. ज्यू माणसाबद्दल जो द्वेष उकळत होता, त्याचा एक बुडबुडा नाही. कामगार म्हणजे एक, शोषक म्हणजे एक, असा हिशेब मांडला. पण माणसाला पोटापलीकडं दुसऱ्या कारणानंही वेगळं काढतात, रक्ताच्या नावानं काढतात, आणि भुकेला कामगारसुद्धा त्यात हात धुऊन घेतो, हे ह्या हुशार चौघांना दिसलं नाही, किंवा दाखवावंसं वाटलं नाही. आपल्याला हे सांगायला नको. नाक्यावर दोघंही बेकार, पण पाण्याचा पेला एकाला वेगळा, हे आपल्या बापजाद्यांनी पाहिलंय. वर्गाचं नशीब हे खरं, पण त्याच्या पोटात आणखी एक नशीब असतं. ते सुटलं की घात होतो.

आणि घात झाला. बंदीविरुद्ध ओरड झाली, एप्रिलमध्ये कापाकापी करून सिनेमा सुटला, मे १९३२ मध्ये आधी मॉस्कोत आणि मग बर्लिनमध्ये लागला. पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर. मार्च १९३३ मध्ये सिनेमावर पुन्हा बंदी, ह्या वेळी पक्की. ते क्रीडासंघ त्याच वर्षी मोडून काढले.

माणसांचं काय झालं? ब्रेख्त फेब्रुवारी १९३३ मध्ये, राइशस्टागला आग लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी देश सोडून गेला. आइसलर परदेशात. एर्न्स्ट बुश, ज्यानं फ्रिट्झ केला, तो पळाला, स्पेनच्या लढाईत गायला, पुढं पकडला गेला आणि १९४५ पर्यंत नाझींच्या तुरुंगात. ओटवाल्टची गोष्ट जास्त कडू आहे. तो सोव्हिएत रशियात आसऱ्याला गेला. तिथं १९३६ मध्ये त्यालाच पकडलं, आणि १९४३ मध्ये तो तिथल्या छावणीत मेला. आपल्या म्हणवणाऱ्यांच्या छावणीत. हे लपवून मला पुढं जाता येणार नाही.

आणि गेर्डा. शेवटचं उत्तर देणारी. तिचं काम करणारी मार्था वोल्टर नुसती नटी नव्हती. ती पुढं बर्लिनमध्ये हिटलरविरुद्ध गुप्त काम करणाऱ्यांत सामील झाली. तिचा नवरा वाल्टर हुजेमान ह्याला १९४३ मध्ये नाझींनी मारलं. तिनं तुरुंग भोगला आणि जगली. पडद्यावर तिनं दिलेलं उत्तर दुसऱ्यानं लिहून दिलं होतं. पुढं ते तिनं स्वतःच्या आयुष्यात पाळलं. म्हणून मला तो सिनेमा खोटा वाटत नाही, त्यातलं न दिसलेलं सगळं मान्य करूनही.

आता कवितेवर येतो आणि संपवतो.

मी असं म्हणत नाही, की माणूस लिहू नका, नुसता वर्ग लिहा. नुसता वर्ग लिहिला की घोषणा होते, आणि घोषणा भिंतीवर चांगली दिसते. त्या पोराचं घड्याळ त्याचंच होतं, त्याच्या मनगटावरचं. तेवढी एक गोष्ट डुडो-ब्रेख्तनी इतकी नीट बघितली, की तिच्यात वटहुकूमही आला, भाडंही आलं, आणि आईबापाची धमकसुद्धा आली. मी माझ्या दोस्ताचे डोळे लिहिले, आणि त्याचं हजेरीचं कार्ड लिहिलं नाही. ते त्याच्या खिशात शेवटपर्यंत होतं, मी पाहिलं होतं. त्यावर शेवटची सही कुठल्या तारखेची होती हे मला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. कवी ना मी!

आता विचारलं. त्याच्या घरी गेलो, कार्ड बघितलं, तारीख लिहून घेतली. मग टोळीतल्या माणसांना विचारत गेलो, ठेका बदलल्यावर कोणाकोणाला घरी बसवलं. नावं लिहून काढली. पान भरलं, मागची बाजूही भरत आली. कवितेची अजून एक ओळ झालेली नाही. होईल तेव्हा होईल. ते पान मी आज बरोबर आणलंय. ज्यांना माझ्या आधीच्या कवितेनं रडू आलं होतं, त्यांनी बैठक संपल्यावर ते वाचावं. आणि त्यातलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, किंवा कुणाचं नाव राहिलं असेल, तर घाला.

जय भीम.